विश्लेषण : छाप्यात ‘सुटका’ झालेली महिला पुढे कुठे जाते? वेश्याव्यवसायाच्या कायदेशीर मान्यतेचा वाद नेमका काय?

डिजिटल डेस्क, मोरा (उरण)

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये तासभर दुसरं काही काम नसतं. मोबाईल काढायचा आणि बातम्या वाचायच्या. ‘लॉजवर छापा, तीन महिलांची सुटका, दलाल अटकेत’ अशी बातमी त्यात अधूनमधून येतेच. परवा तशीच एक बातमी शेजारी बसलेल्या मासळीवाल्या मावशींना वाचून दाखवली. त्यांनी लगेच विचारलं, ‘‘सुटका केली म्हंजे घरा सोरली का गो तिला?’’

मला पटकन उत्तर देता आलं नाही. डेस्कवर ‘सुटका’ हा शब्द मी स्वतः कितीतरी मथळ्यांत टाइप केला आहे. पण त्या बाईचं पुढे काय होतं, हे बातमीत कधी नसतं. वेश्याव्यवसायाला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, या वादाचा गाभा याच प्रश्नात आहे. म्हणून सुरुवातही तिथूनच करू.

थोडक्यात

- सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने, खासगी जागेत, एकटीने केलेला वेश्याव्यवसाय हा भारतात गुन्हा नाही.
- कुंटणखाना चालवणं, दलाली, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत.
- अल्पवयीन मुलगी असेल किंवा फसवणूक, जबरदस्ती झाली असेल, तर संमतीचा प्रश्नच येत नाही. यावर वादातल्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे.
- सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वेश्याव्यवसाय ‘कायदेशीर केला’ असं जे सांगितलं जातं, ते खरं नाही.

छाप्यानंतर काय होतं?

पोलिसांना माहिती मिळते. बनावट गिऱ्हाईक पाठवलं जातं, खुणेच्या नोटा दिल्या जातात, पंच सोबत असतात. इशारा मिळाला की छापा पडतो. लॉज मालक, मॅनेजर, दलाल यांच्यावर अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, म्हणजे पोलिसांच्या भाषेत ‘पिटा’, आणि भारतीय न्याय संहितेतलं मानवी तस्करीचं कलम लागतं. महिलांची नोंद ‘पीडित’ म्हणून होते. इथपर्यंतचं बातमीत येतं.

इथून पुढे ‘पिटा’चं कलम १७ सुरू होतं. महिलेला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करतात. तिचं वय काय, ती कुठली, घरची माणसं तिला सांभाळण्यायोग्य आहेत का, याची चौकशी होते. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला तीन आठवड्यांपर्यंत ताब्यात ठेवता येतं. तिला ‘काळजी आणि संरक्षणाची गरज’ आहे असं दंडाधिकाऱ्याला वाटलं, तर संरक्षणगृहात एक ते तीन वर्षं ठेवण्याचा आदेश तो देऊ शकतो. मदतीसाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ बोलावण्याची तरतूद आहे. शक्यतो त्यात तीन महिला असाव्यात, असं कायदाच सांगतो.

म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं उत्तर, ‘लगेच नाही’. जिच्यावर कुठलाच आरोप नाही, ती दलालापेक्षा जास्त दिवस बंद दाराआड राहू शकते. दलालाला जामीन मागता येतो. तिला जामीन मागता येत नाही, कारण ती आरोपी नाही.

यातली दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या लॉजमध्ये १६ वर्षांची मुलगी असेल, कामाच्या आमिषाने परराज्यातून किंवा बांगलादेशातून आणलेली असेल, तर हाच छापा तिच्यासाठी जीवदान असतो. तिला त्याच संध्याकाळी रस्त्यावर सोडलं तर दलालाची माणसं तिला पुन्हा उचलतील. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही मुलगी होती. अडचण एवढीच, की ३५ वर्षांची, दोन मुलांची, ‘मला माहीत आहे मी काय करते’ म्हणणारी बाईही त्याच कलमात बसवली जाते.

मग वेश्याव्यवसाय बेकायदा आहे का?

१९५० मध्ये न्यूयॉर्क इथे झालेल्या मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली. त्यातून १९५६ चा कायदा आला. १९७८ आणि १९८६ मध्ये त्यात मोठे बदल झाले आणि आजचं नाव मिळालं. हा कायदा देहविक्रीवर थेट बंदी घालत नाही, तिच्याभोवतीच्या जवळपास सगळ्या गोष्टींवर घालतो.

- कलम ३ : कुंटणखाना चालवणं, त्यासाठी जागा देणं. चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं सक्तमजुरी.
- कलम ४ : दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणं. दोन वर्षांपर्यंत कैद. कमाई अल्पवयीन मुलीची असेल तर सात ते दहा वर्षं.
- कलम ५ : व्यवसायासाठी कुणाला आणणं, पटवणं. तीन ते सात वर्षं.
- कलम ७ : देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत व्यवसाय. तीन महिन्यांपर्यंत कैद, बाईला आणि गिऱ्हाईकालाही.
- कलम ८ : सार्वजनिक जागी खाणाखुणा करून गिऱ्हाईक बोलावणं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड.

वाचायला हे सरळ वाटतं. आता प्रत्यक्षात लावून बघा. दोन महिलांनी सुरक्षिततेसाठी मिळून एक खोली घेतली, तर कायद्याच्या व्याख्येनुसार तो कुंटणखाना होतो. मुलगा १९ वर्षांचा झाला आणि आईच्या पैशावर कॉलेजला जातो, तर कलम ४ त्याच्यापर्यंत पोहोचू शकतं. २०० मीटरच्या अटीचं तर विचारूच नका. मोरा गावासारख्या दाट गावठाणात देऊळ, शाळा आणि दवाखाना, तिन्हींपासून २०० मीटर लांब असलेलं घर शोधून दाखवणं अवघड आहे.

न्यायालयांनी काय म्हटलं?

तीन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

सप्टेंबर २०२० : मालाडच्या एका गेस्ट हाऊसवरच्या छाप्यात २० ते २३ वर्षांच्या तीन तरुणी सापडल्या होत्या. दंडाधिकाऱ्याने त्यांना वर्षभर संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश दिला, सत्र न्यायालयाने तो कायम केला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा ठरवणारी तरतूद कायद्यात नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असा या निकालाचा आशय होता.

मे २०२२ : कोलकात्यात १९९९ मध्ये एका सेक्स वर्करचा खून झाला होता. त्या ‘बुद्धदेव कर्मस्कर’ खटल्यात आरोपीचं अपील फेटाळताना २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विषय स्वतःहून पुढे नेला आणि ज्येष्ठ वकील प्रदीप घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. न्या. एल. नागेश्वर राव यांच्या खंडपीठाने १९ मे २०२२ रोजी समितीच्या काही शिफारशी राज्यांना बंधनकारक केल्या. पोलिसांनी सन्मानाने वागावं, अत्याचार झाल्यास इतर कुठल्याही महिलेसारखीच वैद्यकीय मदत द्यावी, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये, संरक्षणगृहांचं सर्वेक्षण करून मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान महिलांना सोडावं, छाप्याच्या वेळी माध्यमांनी ओळख उघड करू नये, असे ते आदेश होते.

शेवटचा मुद्दा आम्हालाच उद्देशून आहे. ओढणीने तोंड झाकलेल्या बायकांचा फोटो बातमीला लावायचा की नाही, हा आता फक्त अभिरुचीचा प्रश्न राहिलेला नाही.

मात्र ‘मर्जीने काम करणाऱ्या सज्ञान महिलेला छाप्यात अटक, दंड, त्रास करू नये’ या शिफारशीवर केंद्र सरकारने हरकत नोंदवली. न्यायालयाने ती बंधनकारक केली नाही. व्हॉट्सअॅपवर फिरलेला ‘सुप्रीम कोर्टाने वेश्याव्यवसाय कायदेशीर केला’ हा मेसेज म्हणून चुकीचा आहे.

मे २०२३ : मुलुंडच्या छाप्यातल्या ३४ वर्षांच्या महिलेला वर्षभर आश्रयगृहात ठेवण्याचा आदेश मुंबईच्या सत्र न्यायालयाने रद्द केला. सार्वजनिक जागी, इतरांना त्रास होईल असा व्यवसाय केला तर गुन्हा, एरवी नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तिला लहान मुलं आहेत आणि त्यांना आईची गरज आहे, हेही निकालात नोंदवलं गेलं.

पहिल्या आणि तिसऱ्या निकालात एक साम्य दिसतं. सुटलेल्या महिला वरच्या न्यायालयापर्यंत पोहोचू शकल्या म्हणून सुटल्या. जिला वकील मिळाला नाही, तिच्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेशच शेवटचा असतो.

‘कायदेशीर करा’ म्हणजे नेमकं काय करा?

चर्चेत इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जगात ढोबळमानाने चार रस्ते आहेत.

१) परवाना आणि नियमन : जर्मनीने २००२ मध्ये हा व्यवसाय कायद्याच्या चौकटीत आणला, २०१७ मध्ये नोंदणी सक्तीची केली. नेदरलँड्सने २००० मध्ये कुंटणखान्यांवरची बंदी उठवली. परवाना, कर, तपासणी, ठरलेल्या जागा असा हा मार्ग. जर्मनीत नोंदणी करणाऱ्यांची संख्या मात्र व्यवसायातल्या अंदाजित संख्येपेक्षा खूपच कमी राहिली.

२) गुन्हेगारीतून मुक्तता : न्यूझीलंडने २००३ मध्ये हे केलं. खास फौजदारी कलमं काढून टाकली, बाकी कामांना लागू असलेले कामगार आणि आरोग्याचे नियम इथेही लावले. चारपर्यंत महिला एकत्र, समान पातळीवर काम करत असतील तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. पण तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना हे काम करायला तिथेही मनाई आहे. बेल्जियमने २०२२ मध्ये हाच रस्ता धरला आणि डिसेंबर २०२४ पासून प्रसूती रजा, पेन्शन यांसह नोकरीचा करार करण्याची सोय केली.

३) गिऱ्हाईकाला शिक्षा : स्वीडनने १९९९ मध्ये सुरू केलेला मार्ग. विकणारीला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला आहे. पुढे नॉर्वे, आइसलँड आणि २०१६ मध्ये फ्रान्सने तो स्वीकारला.

४) संपूर्ण बंदी : विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा.

भारत यांपैकी कुठल्याच चौकटीत पूर्ण बसत नाही. काम गुन्हा नाही, पण कामाभोवतीचं सगळं गुन्हा, अशी आपली स्थिती आहे.

परवान्याचा मार्ग आपल्याला नवा नाही. इंग्रजांनी १८६८ चा संसर्गजन्य रोग कायदा मुंबईत लागू केला, तेव्हा महिलांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होत असे. उद्देश बायकांचं भलं नव्हता, गोऱ्या सैनिकांना आणि खलाशांना आजार होऊ नये हा होता. महिला नोंदणी चुकवत राहिल्या आणि १८८८ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. त्यामुळे ‘लायसन्स द्या, मेडिकल करा, प्रश्न सुटेल’ म्हणणाऱ्यांना विचारावं लागतं : ती यादी कुणाच्या हातात राहणार? गावाकडच्या घरी ती पोहोचली तर? गिऱ्हाईकाची तपासणी कोण करणार?

मान्यतेच्या बाजूने काय म्हटलं जातं?

सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून काम करते. तिच्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, म्हणजे ‘व्हॅम्प’, ही महिलांची स्वतःची संघटना उभी राहिली. त्यांची मागणी परवान्याची नाही, गुन्हेगारी कलमं काढण्याची आहे. सरकारी शिक्का नको, पोलिसांचा धाक नको, असं त्याचं सार.

त्यामागचा युक्तिवाद समजायला सोपा आहे. बाईच्या डोक्यावर गुन्ह्याची टांगती तलवार असेल तर ती मारहाण झाली तरी पोलिसांकडे जाणार नाही. हप्ता मागणारा, पैसे बुडवणारा, निरोध नाकारणारा या सगळ्यांचं त्यामुळे फावतं. वस्तीत नवी, लहान वयाची मुलगी आली तर ते सगळ्यात आधी तिथल्या बायकांनाच कळतं. त्यांना पोलिसांची भीती नसेल तर त्याच खबर देतील.

ओळखपत्राचा प्रश्नही खरा आहे. कोविडमध्ये तो उघडा पडला. रेशन कार्ड नाही म्हणून धान्य नाही, असं झालं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता धान्य द्या, असं सांगितलं. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असलेल्यांना आणखी २,५०० रुपये जाहीर केले. कायदा न बदलताही सरकार काय करू शकतं, याचं ते उदाहरण होतं.

विरोधात काय म्हटलं जातं?

तस्करीविरोधात काम करणाऱ्या संस्थांचा पहिला प्रश्न ‘मर्जी’बद्दल असतो. कर्ज, नवऱ्याने टाकणं, दुष्काळ, जात, देवदासी प्रथा. यातून आलेल्या बाईची ‘मर्जी’ किती मोकळी? १४ व्या वर्षी विकली गेलेली मुलगी १९ व्या वर्षी ‘मी स्वतःहून आहे’ म्हणते, तेव्हा ते कशाच्या जोरावर मानायचं?

दुसरा मुद्दा मागणीचा. व्यवसाय खुला झाला की मागणी वाढेल, ती भागवायला आणखी मुली आणल्या जातील आणि दलाल ‘व्यवस्थापक’ म्हणून उजळमाथ्याने फिरतील, अशी त्यांना भीती आहे. दार बंद असलेल्या घरात संमती आहे की धाक, हे तपासायचं तर पोलिसांना आत जाण्याचा अधिकार हवाच, असंही ते सांगतात.

हे आक्षेप घरबसल्या केलेले नाहीत. कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ मध्ये मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं, ते आई कामावर असताना मूल त्याच खोलीत राहू नये म्हणून. पुढच्या पिढीला या चक्रातून बाहेर काढणं हे त्या कामाचं ध्येय होतं.

पनवेलने आधी काय पाहिलं?

बंदी की नियमन, हा प्रश्न आपल्या रायगडने एकदा जवळून पाहिला आहे. डान्सबारच्या रूपाने.

मार्च २००५ मध्ये पनवेलचे तत्कालीन शेकाप आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत लक्षवेधी मांडली. तिला उत्तर देताना तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. आधी मुंबईबाहेरच्या बारसाठी असलेली बंदी पुढे राज्यभर झाली आणि ऑगस्ट २००५ पासून कायदा लागू झाला. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ७५ हजारांहून अधिक महिलांचा रोजगार गेला आणि त्यांतल्या अनेकींवर नाइलाजाने देहविक्रीची वेळ आली, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली.

म्हणजे बायकांच्या प्रतिष्ठेसाठी आणलेल्या बंदीने काहींना नेमकं त्याच दिशेला ढकललं. पुढे २०१६ मध्ये नियमनाचा नवा कायदा आला. जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या काही जाचक अटी सर्वोच्च न्यायालयाने काढल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पनवेलच्या शेकाप मेळाव्यात राज ठाकरे यांनी रायगडमधल्या डान्सबारचा विषय काढल्यावर मनसे कार्यकर्त्यांनी पनवेलजवळच्या एका बारची तोडफोड केली. २० वर्षांनी गाडी पुन्हा त्याच स्टेशनवर.

वस्त्या उठवण्याचा अनुभवही असाच आहे. जून २००४ मध्ये गोव्यात वास्कोच्या बायना किनाऱ्यावरची घरं पावसाळ्याच्या तोंडावर पाडली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरात गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी बॅरिकेड लावून बंद केली. वस्ती उठते तेव्हा व्यवसाय संपत नाही, पसरतो. लॉज, स्पा, भाड्याचे फ्लॅट, मोबाईलवरचे नंबर अशा ठिकाणी तो जातो. तिथे ना आरोग्य कार्यकर्ती पोहोचते, ना संघटना. पोचतो तो दलाल.

कायदा न बदलता काय करता येईल?

‘पिटा’ हा केंद्राचा कायदा आहे. तो बदलायचा तर संसदेत जावं लागेल आणि तशी घाई कुठल्याच पक्षाला दिसत नाही. पण पोलीस आणि संरक्षणगृहं राज्याच्या हातात आहेत. दोन्ही बाजूंना पटतील अशा काही गोष्टी आजही शक्य आहेत.

- छाप्यानंतर पहिल्याच दिवशी प्रत्येक महिलेला मोफत वकील, तिला कळणाऱ्या भाषेत.
- वयाची खातरजमा झालेल्या सज्ञान महिलेचा जबाब दलाल आणि पोलीस दोघांच्या अनुपस्थितीत.
- संरक्षणगृहात किती सज्ञान महिला, किती दिवसांपासून, मर्जीने की आदेशाने, याची नियमित जाहीर आकडेवारी.
- बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी शिवणयंत्रापलीकडचं पुनर्वसन. घरभाडं, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता भागेल एवढं उत्पन्न देणारं.
- आधार आणि रेशन कार्ड. ‘नॅको’च्या प्रमाणपत्रावर आधार देण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने झालेली आहे. ती वस्तीबाहेर, लॉज-फ्लॅटमध्ये काम करणाऱ्यांपर्यंत न्यायला हवी.

आणि एक गोष्ट आमच्या डेस्कची. छाप्याची बातमी देताना ‘सुटका’ लिहिण्याआधी विचारायला हवं, ती आता कुठे आहे? घरी, की वसतिगृहात? तिला विचारलं का? उत्तर मिळालं नाही तर ‘ताब्यात घेतलं’ असं लिहावं. मावशींना दुसऱ्या दिवशी लाँचमध्ये मी एवढंच सांगू शकले : सोडली नाही, ठेवली आहे. त्या म्हणाल्या, ‘‘मंग तसा लिवा ना.’’

मदतीसाठी क्रमांक : तातडीची पोलीस मदत ११२, महिला हेल्पलाइन १८१, चाइल्डलाइन १०९८, मोफत कायदेशीर सल्ला १५१००, एचआयव्हीविषयक माहिती १०९७.